पऱ्हाटी, केळीचं खोड आणि काथ्या: शेतातल्या कचऱ्यापासून खरंच घर बांधता येतं का?

केळीचं कापलेलं खोड यंत्रात घालतात, दुसऱ्या बाजूने सोनेरी धागे निघतात आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत येतं, 'हा धागा लोखंडापेक्षा मजबूत आहे!' असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. खाली कमेंटमध्ये अर्धे लोक शेतकऱ्याचं नशीब उघडलं म्हणून खूश असतात, उरलेले अर्धे हे सगळं थोतांड आहे म्हणून मोकळे होतात.

खरी गोष्ट दोन्हीकडच्या मंडळींना थोडी निराश करणारी आहे. वनस्पतींचे तंतू घालून बांधकामाचं साहित्य आणि प्लास्टिक मजबूत करता येतं, त्याचा उद्योगही जुना आहे. पण हे तंतू कुठे टिकतात आणि कुठे काही वर्षांत भुगा होतात, याचं एक ठरलेलं रसायन आहे. ते न पाहता केलेले प्रयोग जगात अनेक ठिकाणी फसले आहेत.

आधी, तंतू नेमकं करतो काय?

माती, सिमेंट, चुना या वस्तू दाब झेलण्यात तरबेज, पण ओढ सहन करण्यात कच्च्या. भिंत वाळताना आकसते, आत ताण येतो आणि बारीक तडा जातो. तो तडा वाढत वाढत आरपार होतो. मिश्रणात जर बारीक धागे विखुरलेले असतील, तर तडा पुढे सरकताना त्याच्या वाटेत धागा आडवा येतो. दोन्ही काठ तो टाक्यासारखे धरून ठेवतो. तडा पडतो, पण उघडत नाही.

आपल्याकडे मातीच्या भिंतीला लिंपताना चिखलात भुसा किंवा काड मिसळून तो पायाने तुडवायचे, ते याचसाठी. वेरूळच्या लेण्यांमधल्या गिलाव्याचे नमुने तपासले तेव्हा माती आणि चुन्याच्या मिश्रणात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. हा अभ्यास 2016 मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला होता. तेव्हा 'भारतीयांना हे आधीच माहीत होतं' या फॉरवर्डमध्ये यावेळी तरी तथ्य आहे. फक्त तेव्हा सिमेंट नव्हतं, आणि पुढची सगळी अडचण सिमेंटमुळेच आहे.

'लोखंडापेक्षा मजबूत' कितपत खरं?

केळीच्या एका सुट्या तंतूची ताण सहन करण्याची ताकद 500 मेगापास्कलच्या आसपास मोजली गेली आहे. आपण स्लॅबमध्ये जी सळई वापरतो तिच्यावर एफई 500 असं लिहिलेलं असतं. त्यातला 500 म्हणजे सळई कायमची ताणली जाण्याआधी तेवढे मेगापास्कल सहन करते. म्हणजे आकडे जवळपास सारखे. शिवाय लोखंडाची घनता 7.85, तर केळीच्या तंतूची 1.35 च्या आसपास. वजनाच्या हिशेबाने तंतू सळईला मागे टाकतो, आणि व्हिडिओवाले इथेच थांबतात.

पुढचं असं, की इमारतीत ताकदीइतकाच ताठरपणा लागतो. ओझं पडल्यावर तुळई किती वाकते, हे त्यावर ठरतं. लोखंडाचा ताठरपणा 200 गिगापास्कल, वनस्पतींच्या बहुतेक तंतूंचा त्याच्या कितीतरी खाली. काथ्याचा तर 4 ते 6. त्यातही प्रयोगशाळेत मोजलेला तंतू निवडून घेतलेला असतो. काँक्रीटमध्ये घालतात ते काही सेंटिमीटर लांबीचे तुकडे, वाटेल त्या दिशेला पडलेले, आणि एकूण आकारमानाच्या जेमतेम 1-2 टक्के. त्याहून जास्त घातले तर गुंता होतो, मिश्रण नीट बसत नाही आणि आत पोकळ्या राहतात.

त्यामुळे घराच्या स्लॅबमधली सळई काढून काथ्या घालणं हा विचारसुद्धा कोणी करू नये. तंतूंचं काम तडे आवरणं, आघात झेलणं, वजन कमी करणं आणि उष्णता अडवणं. गिलावा, विटा, पत्रे, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, दारं, फर्निचरचे बोर्ड ही त्यांची जागा.

सिमेंट आणि तंतूंचं का जमत नाही?

वनस्पतीच्या तंतूत मुख्यतः तीन गोष्टी असतात. सेल्युलोज म्हणजे खरा मजबूत धागा. हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे त्याला बांधून ठेवणारे, म्हणजे एका अर्थी डिंक. आता घट्ट झालेल्या सिमेंटच्या छिद्रांत जे पाणी असतं, त्याचा पीएच 12.5 च्या वर असतो. साबणाचं पाणी साधारण 9-10 वर येतं, त्यावरून कल्पना करा. कागद कारखान्यात लाकडाचा लगदा करताना लिग्निन विरघळवायला कॉस्टिक सोडाच वापरतात. सिमेंटच्या आत तेच घडतं, फक्त सावकाश. डिंक विरघळतो, धाग्याचे तुकडे पडतात.

दुसरीकडे सिमेंटमधला चुना तंतूच्या पोकळीत जाऊन साठतो आणि लवचीक धागा काडीसारखा कडकडीत होतो. स्वीडनमधले संशोधक हान्स-एरिक ग्राम यांनी 1983 मध्ये सिसल म्हणजे घायपातीच्या जातीच्या झाडाचे तंतू काँक्रीटमध्ये कसे खराब होतात, याचा सविस्तर अभ्यास मांडला. या विषयावरचे लेख आजही तिथूनच सुरू होतात.

तिसरी कटकट पाण्याची. तंतू पावसाळ्यात पाणी पितो, फुगतो. उन्हाळ्यात वाळतो, आकसतो. असं दरवर्षी झालं की त्याची सिमेंटवरची पकड सुटते. ऊस असेल तर आणखी एक भानगड होते. उसाच्या चिपाडात उरलेली थोडीशी साखरही सिमेंटला लवकर घट्ट होऊ देत नाही. म्हणून ते आधी गरम पाण्याने धुवावं लागतं.

या सगळ्याची किंमत गरिबांनी मोजली आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत स्वस्त छप्पर म्हणून सिसल किंवा काथ्या घातलेले सिमेंटचे पत्रे गावोगावी हाताने बनवले गेले. कल्पना सुंदर होती: स्थानिक धागा, स्थानिक मजूर, आयात शून्य. पत्रे पहिल्या दिवशी छान होते. काही वर्षांत धाग्यात जीव उरला नाही आणि बऱ्याच छपरांना तडे गेले. मग मोठ्या पत्र्यांऐवजी लहान कौलं करायला सुरुवात झाली, कारण लहान वस्तूवर ताण कमी येतो. शेवटी लोकांच्या लक्षात आलं की कौल लहान असेल, वाळू-सिमेंटचं प्रमाण चोख असेल आणि पाणी नीट मारलं तर तंतू नसला तरी चालतं. भारतातही बनणारी मायक्रो काँक्रीटची कौलं ही त्याच वाटेवरची. म्हणजे तंतूंच्या प्रयोगातून चांगलं कौल मिळालं, पण त्यातून तंतूच वजा झाला!

मग ॲस्बेस्टॉसला पर्याय कसा मिळाला?

ही गोष्ट मात्र यशाची आहे, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची. सिमेंटच्या पत्र्यांना बळ देण्यासाठी जगभर ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं. हा खनिज धागा आहे, सिमेंटमध्ये अजिबात कुजत नाही. पण त्याची धूळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसाचे गंभीर आजार आणि कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटना त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. अनेक देशांत त्यावर बंदी आहे. भारतात मात्र पत्र्यांसाठी ते आयात होत राहिलं.

1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हार्डी कंपनीने ॲस्बेस्टॉसऐवजी लाकडाचा सेल्युलोज तंतू घालून सिमेंट बोर्ड बाजारात आणले. (हीच कंपनी तिच्या जुन्या ॲस्बेस्टॉस उत्पादनांनी आजारी पडलेल्यांच्या नुकसानभरपाईवरून पुढे मोठ्या वादात सापडली.) इथे तंतू का टिकला? एक तर त्यातलं लिग्निन लगदा करतानाच काढून टाकलेलं होतं, त्यामुळे सिमेंटला विरघळवायला फारसं काही उरलं नाही. दुसरं, बारीक दळलेली सिलिका वाळू घालून बोर्ड वाफेच्या दाबाखाली शिजवले जात. त्यात मोकळा चुना सिलिकेशी संयोग पावून संपून जातो.

हीच युक्ती स्वस्तात करायची तर सिमेंटचा काही भाग काढून फ्लाय ॲश, मेटाकाओलिन किंवा भाताच्या तुसाची राख घालतात. तुसाच्या नीट जाळलेल्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. कोराडी आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांमुळे विदर्भात फ्लाय ॲशला तर तोटा नाहीच. धाग्यावरही आधी प्रक्रिया करतात. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवून मेण आणि मळ काढतात, त्याने पृष्ठभाग खडबडीत होऊन पकड वाढते. जो क्षार वर्षानुवर्षं धागा खातो, तोच थोड्या वेळासाठी औषध ठरतो.

प्लास्टिकमध्ये सोपं आहे का?

बऱ्याच अंशी हो. तिथे पीएचचं भांडण नाही. काचेच्या तंतूची घनता 2.5 च्या आसपास आणि ताग, अंबाडी, जवस यांच्या तंतूंची 1.3 ते 1.5, त्यामुळे वस्तू हलकी होते. युरोपात गाड्यांच्या दारांची आतली पॅनेल जवस, भांग, अंबाडीवर्गीय केनाफ यांच्या तंतूंपासून बरीच वर्षं बनतात. मर्सिडीजने ए-क्लास गाडीच्या तळाशी अबाका वापरला होता. अबाका ही केळीचीच फिलिपाइन्समधली बहीण.

मर्यादा तापमानाची. साधारण 200 अंश सेल्सियसच्या वर तंतू करपायला लागतात. म्हणून पॉलिप्रॉपिलीन चालतं, ते 165 च्या आसपास वितळतं. काही प्रकारचं नायलॉन 260 च्या घरात वितळतं, तिथे तंतूचा कोळसा होईल. शिवाय धाग्याला पाणी आवडतं आणि प्लास्टिकला आवडत नाही, त्यामुळे दोघांना चिकटवायला मधे एखादं रसायन घालावं लागतं.

या बाबतीत सगळ्यात गाजलेलं उदाहरण पूर्व जर्मनीचं. तिथे पोलादाचा तुटवडा होता, म्हणून 1957 पासून झ्विकाऊ शहरात बनलेल्या ट्राबांट गाडीच्या बाहेरच्या पॅनेलसाठी कापसाच्या टाकाऊ तंतूत फेनॉलचं रेझिन मिसळून दाबलेलं 'ड्युरोप्लास्ट' वापरलं. सांगाडा पोलादाचाच होता. लोकांनी 'पुठ्ठ्याची गाडी' म्हणून भरपूर विनोद केले, पण 1991 पर्यंत अशा 30 लाखांवर गाड्या बनल्या आणि त्यांची पॅनेल गंजली नाहीत. गंमत संपली ती गाड्या भंगारात निघाल्यावर. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर. कापूस नैसर्गिक असला म्हणून गाडी नैसर्गिक होत नाही. 'इकोफ्रेंडली' असं लेबल लावलेली कुठलीही कंपोझिट वस्तू घेताना त्यातला चिकटवणारा भाग कोणता, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

महाराष्ट्रात कच्चा माल किती?

राज्यात कापसाखाली साधारण 40 लाख हेक्टर जमीन असते. वेचणी संपल्यावर एका हेक्टरमधून 2 ते 3 टन पऱ्हाटी निघते, म्हणजे वर्षाला 80 लाख टनांच्या वर. थोडी चुलीत जाते, बरीचशी बांधावर किंवा शेतातच पेटवली जाते. ती उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून शेतकऱ्यालाही ती लवकर संपवायची घाई असते. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पऱ्हाटीची रचना पानझडी झाडाच्या लाकडाशी मिळतीजुळती असल्याने बोर्ड चांगला होतो.

अडतं ते गाडीभाड्यावर. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. ट्रक भरतो, पण वजन होत नाही. उपटायला मजूर लागतात, आणि तेव्हा मजूर दुसऱ्या कामात असतात. कारखाना बारा महिने चालवायचा आणि माल दोन-तीन महिन्यांत गोळा करायचा, तर साठवणुकीला जागा हवी, आग आणि वाळवीपासून जपायला हवं. म्हणून शेताजवळच चिपिंग करून भुगा पाठवणं परवडतं, नुसत्या काड्या पाठवणं नाही.

केळीचं गणित याहून अवघड. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवला की खोड कापून टाकावं लागतं, कारण एका खोडाला घड एकदाच. पण खोडात 90 टक्क्यांहून जास्त पाणी. सोपटं सोलून यंत्रातून काढलं तरी हाती येणारा कोरडा धागा अगदी थोडा. नवसारी कृषी विद्यापीठाने म्हणूनच नुसत्या धाग्यावर भर न देता खोडाच्या रसापासून द्रवखत आणि गाभ्यापासून खाण्याचे पदार्थही तयार केले. धाग्याचा खर्च एकट्या धाग्यावर टाकला तर तो सुटणं कठीणच आहे.

आणि उसाचं चिपाड? 1920 च्या दशकात अमेरिकेत लुइझियानामध्ये सेलोटेक्स कंपनीने त्याचे इन्सुलेशन बोर्ड विकायला सुरुवात केली होती. पण आपल्या साखर कारखान्यांत चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्यावर वीज तयार होते आणि ती विकलीही जाते. त्याला कचरा म्हणणं आता चुकीचं आहे. बोर्डवाल्याला विजेच्या भावाशी स्पर्धा करावी लागेल.

काथ्याचं काय?

नारळाच्या सोडणातून निघणाऱ्या काथ्यात लिग्निन 40 टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो कुजायला वेळ घेतो. ताकदीत इतर तंतूंपेक्षा बराच कमी, पण तुटण्याआधी भरपूर ताणतो. काथ्याच्या बोर्डांसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानकं आहेत, त्यामुळे 'कॉयर प्लाय' घेताना आयएसआय खूण पाहता येते. बोर्डात फॉर्माल्डिहाइडचं रेझिन असेल तर ते किती बाहेर पडतं, याची श्रेणीही विचारावी. ई-1 म्हणजे कमी. नमुन्याचा तुकडा रात्रभर पाण्यात टाकून सकाळी जाडी मोजली, तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकाहून जास्त कळतं.

काथ्याचा एक वापर मात्र जमिनीखाली होतोय. 2020 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतल्या 1674 किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याची जाळी वापरायचं जाहीर केलं, त्यात महाराष्ट्राचा वाटा 328 किलोमीटर होता. जाळी मऊ मातीवर अंथरून वर भराव टाकतात. काही वर्षांत ती कुजून मातीत मिसळते, पण तोपर्यंत भराव दबून पक्का झालेला असतो आणि उतारावर गवताच्या मुळ्यांनी माती धरलेली असते.