रांगेत पुढे कोण? ‘लाइटनिंग कॉल’ ते ऑफिसचा राउटर

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा घ्या लिखित अवतार. नेहमीप्रमाणे बोलल्यासारखाच लिहिलाय, सांभाळून घ्या.

एक सीन डोळ्यासमोर आणा. ऑफिसात ऑनलाइन मीटिंग चालू आहे. क्लायंट नेमकं पैशांबद्दल बोलायला लागतो आणि त्याचा आवाज रोबोटसारखा तुटतो. कोणीतरी ओरडतं, “अरे, डाउनलोड कोण करतंय?” कोपऱ्यातला एक जण गुपचूप लॅपटॉप मिटतो आणि आवाज सुधारतो. आता प्रश्न असा, की चूक त्या मुलाची, लाइनची, की आणखी कशाची?

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. पूर्वी परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागायचा. त्यात तीन प्रकार होते: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. तारा मोजक्या आणि बोलणारे खूप, म्हणून जास्त पैसे भरणाऱ्याचा नंबर आधी लागायचा. म्हणजे प्राधान्य होतं, पण ते विकत मिळायचं.

सगळेच घाईत असले की काय होतं?

इंटरनेट घडवणाऱ्यांनाही हे सुचलं होतं. १९८१ साली इंटरनेट प्रोटोकॉलचा जो मसुदा आला, त्यात प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर एक छोटा रकाना ठेवलेला होता. हे पॅकेट किती तातडीचं, ते त्यात लिहायचं. पायऱ्यांची नावं बघा: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश. थेट लष्करी संदेशांच्या भाषेतली! सोय झाली खरी, पण बराच काळ या रकान्याकडे फारसं कोणी बघितलंच नाही.

मग आला ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघं ४०० यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. त्यांच्यातल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. चाळीस! सेकंदाला जेमतेम पाच इंग्रजी अक्षरं. त्यापेक्षा चिठ्ठी घेऊन माणूस धावत गेला असता तर लवकर पोचला असता.

तारा तर धड होत्या. मग झालं काय? कॉम्प्युटर पॅकेट पाठवायचा, पोच लवकर आली नाही की त्याला वाटायचं ते हरवलं, म्हणून पुन्हा पाठवायचा. गर्दी आणखी वाढायची, पोच आणखी उशिरा यायची, मग सगळेच पुन्हा पुन्हा पाठवायचे. संध्याकाळी दादरच्या पुलावर लोक अडकलेत आणि मागचे “पुढे चला” म्हणून ढकलतायत, तसं. ढकलून पूल रुंद होत नाही हो!

गंमत म्हणजे जॉन नेगल नावाच्या इंजिनिअरने १९८४ मध्येच या धोक्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. १९८५ मध्ये त्याने एक साधा उपायही मांडला. सगळ्यांची एकच रांग लावण्याऐवजी प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एक-एक पॅकेट सोडा. मग जो अधाशीपणा करेल, त्याची स्वतःचीच रांग लांबेल. बाकीच्यांचं काही अडणार नाही.

बर्कलीच्या कोंडीवर काम केलं व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी. जेकबसनचा गाजलेला पेपर १९८८ चा. सार सोपं आहे: हळू सुरुवात करा, पोच येत गेली तसा वेग वाढवा आणि पॅकेट हरवलं तर ती गर्दीची खूण समजून आपणहून मागे या. तुमच्या फोनमध्ये आजही याच विचाराची पुढची रूपं चालतात.

एक गुपित

त्याच सुमारास, म्हणजे १९८७ च्या आसपास, अमेरिकेतलं एनएसएफनेट हे मोठं नेटवर्क तुंबलं होतं. वेग फक्त ५६ किलोबिट. लोक दूरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि अक्षर स्क्रीनवर उमटायची वाट बघत बसायचे. कारण मधे कोणाची तरी मोठी फाइल चाललेली असायची. तेव्हा त्या नेटवर्कचे राउटर बनवणाऱ्या डेव्हिड मिल्स आणि मंडळींनी टाइप करणाऱ्यांची पॅकेट्स पुढे काढायला सुरुवात केली. फाइल चार सेकंद उशिरा गेली तर कोणाला कळतही नाही, पण अक्षर चार सेकंदांनी उमटलं तर माणूस वैतागतो.

पण याचा गाजावाजा त्यांनी केला नाही. का? लोकांना कळलं असतं तर प्रत्येकाने आपल्याच पॅकेटवर ‘तातडीचं’ असा शिक्का मारला असता. शिक्का फुकट असेल तर सगळेच व्हीआयपी, आणि सगळेच व्हीआयपी म्हणजे कोणीच नाही. लाइटनिंग कॉलला निदान पैसे तरी पडायचे.

पुढे १९९८ मध्ये त्या जुन्या रकान्याची नवी मांडणी आली. सहा बिट्स, म्हणजे ६४ शिक्के. आवाजासाठी रूढ झालेला शिक्का ४६ नंबरचा. पण हे शिक्के तुमच्या स्वतःच्या नेटवर्कपुरते. बाहेर पडल्यावर पुढचा माणूस ते मानेलच असं नाही.

मग ऑफिसात गडबड कुठे होते?

इथे खरा ट्विस्ट आहे. २०१० मध्ये जिम गेटिस या इंजिनिअरला घरी फाइल कॉपी करताना दिसलं, की बाकी सगळं एक सेकंदाहून जास्त रखडतंय. कारण मेमरी स्वस्त झाल्यामुळे उपकरणांमध्ये भलीमोठी वेटिंग रूम आली होती. गणित करू. अपलोडची लाइन १० मेगाबिटची, वेटिंग रूम १ मेगाबाइटची. ती भरली की मागून आलेलं प्रत्येक पॅकेट साधारण पाऊण सेकंद ताटकळतं. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असा संकेत आहे. म्हणजे लाइन कितीही भारी घ्या, रांग लांब असेल तर आवाज तुटणारच.

यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन (हो, तोच!) यांनी रांग छोटी ठेवण्याची पद्धत आणली. तिला नेगलच्या वेगवेगळ्या रांगांची जोड मिळाली आणि ‘एफक्यू-कोडेल’ तयार झालं. आज ते अनेक राउटरमध्ये असतं, फक्त चालू करावं लागतं.

तर ऑफिससाठी तीन गोष्टी. राउटरला लाइनपेक्षा किंचित कमी वेग सांगा, १० असेल तर ९. त्यामुळे रांग बाहेरच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यात राहते. आवाज आणि मीटिंग पुढे ठेवा, पण त्यांनाही मर्यादा घाला. आणि बॅकअप रात्री चालवा.

शेवटी एकच. ऑफिसच्या लाइनवर कोण पुढे, हे तुम्ही ठरवा. पण कंपनीने पैसे बघून ठरवलं तर? २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायने मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली, ती याच वादातून. रांग कोणाच्या हातात आहे, हे विचारत राहायला हवं.

आणि हो, त्या कोपऱ्यातल्या मुलाची माफी मागा. चूक त्याची नव्हती, रांगेची होती. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!