तिकिटाचा उगम सांगलीचा

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा तिकीट हा प्रकारच नव्हता. खर्च संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा. नाटक बघायला पैसा नव्हे, दरबारात शिरकाव लागे.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय संपला. भाव्यांची नाटक मंडळी पोटासाठी गावोगाव निघाली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ झाले. मराठी नाटकाला प्रेक्षकांनी पोसायचं, ही प्रथा सांगलीकरांच्या या गरजेतून रुजली. माझ्या मते भाव्यांचं हे काम पहिल्या नाटकाइतकंच मोठं आहे.

तिकिटासाठी खरी झुंबड उडाली ती १९२१ मध्ये. नाटक ‘मानापमान’, लेखक सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या ८ जुलैला मुंबईत एकत्र उभ्या राहिल्या: धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. दर नेहमीच्या कितीतरी पट, तरी थिएटर तुडुंब!

आज साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात किंवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागला, तर रसिक पुढच्या प्रयोगाची वाट पाहतात. ती सोय तेव्हाच्या रसिकांना फार काळ लाभली नाही. त्याच जुलैत दोघांचं ‘संयुक्त सौभद्र’ झालं आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले.