कागदाचा माग

ऑगस्टच्या मध्यावर अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचे वर्ग अजून भरायचे असतात. वसतिगृहं ओस पडलेली, आवारात चिटपाखरू नाही. क्रॉसकंट्रीचा संघ मात्र येऊन दाखल झालेला असतो. अनेक संघ हा पहिला आठवडा कॉलेजबाहेर काढतात, कुठे तळ्याकाठी, कुठे डोंगरातल्या शिबिराच्या जागी. सकाळी लांब पल्ल्याची धाव, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा हलकी धाव. या दोन धावांच्या मधल्या वेळात भलत्याच चुरशीच्या स्पर्धा रंगतात. हातात यादी घेऊन गावभर वस्तू हुडकत फिरायचं. नव्या-जुन्यांची सरमिसळ करून रिले पळायची. मनगटावरची घड्याळं काढून ठेवायची, आपण ठरलेलं अंतर किती वेळात पळू ते आधीच सांगायचं, आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळचा तो जिंकला, मग तो शेवटून पहिला का आलेला असेना. स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात, भांडी घासायच्याही लागतात.

बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती करमणूक वाटते. खरा खेळ सप्टेंबरात सुरू होणार, तोवर पोरं जरा मजा करताहेत, इतकंच. या खेळाची कुळकथा नेमकं उलट सांगते. क्रॉसकंट्रीची शर्यत मागाहून जन्माला आली. आधी होता तो घोळक्याने खेळायचा, रानोमाळ पळत माग काढण्याचा खेळ. शर्यत ही त्या खेळाची लेक आहे.

या कुळाचं सर्वांत जुनं घराणं इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या श्रूजबरी शाळेत सापडतं. तिथल्या ‘रॉयल श्रूजबरी स्कूल हंट’ या मंडळाच्या लेखी नोंदी १८३१ पासूनच्या आहेत आणि ते १८१९ च्या सुमाराला अस्तित्वात होतं असा पुरावा आहे. नावातच शिकार आहे. त्या काळच्या इंग्रज जमीनदारांचा मोठा शौक म्हणजे घोड्यावर बसून, कुत्र्यांचा जथा पुढे सोडून केलेली कोल्ह्याची शिकार. शाळकरी मुलांकडे ना घोडे, ना कुत्री. म्हणून त्यांनी सगळी सोंगं आपसांतच वाटून घेतली. दोघे कोल्हे व्हायचे आणि आधी सुटायचे, बाकीचे कुत्रे होऊन त्यांच्या मागावर. संघाचा कप्तान तो ‘हंट्समन’. आजही तिथे धावणाऱ्यांना ‘हाउंड्स’ म्हणतात, शर्यत जिंकली की ‘किल’ झाला म्हणतात आणि शाळेच्या गटांमधल्या दोन मोठ्या शर्यतींना ‘ज्युनियर पेपरचेस’ आणि ‘सीनियर पेपरचेस’ म्हणतात. कागद टाकणं केव्हाच बंद झालं, नाव राहिलं.

हे कागदाचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या खेळाची युक्ती त्यातच आहे. खरा ससा किंवा कोल्हा जमिनीवर आपला वास सोडून जातो आणि कुत्री तो हुंगत जातात. माणसाला ते नाक नाही. म्हणून पुढे पळणारा ‘ससा’ खांद्याला अडकवलेल्या पिशवीतून कागदाचे कपटे टाकत जायचा. मागच्यांनी ते शोधत यायचं. ससा लबाडी करायला मोकळा असे. नाला ओलांडून जाई, काटेरी कुंपणातून घुसे, मुद्दाम चुकीच्या वाटेवर थोडे कपटे टाकून परत फिरे. त्यामुळे नुसता वेगवान गडी फारसा कामाचा नव्हता. माग हरवला की सगळे पांगायचे, चहूकडे शोधायचे, ज्याला पहिला कपटा दिसे तो ओरडायचा आणि पुन्हा सगळा घोळका त्या दिशेला. या थांबण्यात मागे पडलेला, धापा टाकणारा धाकटा मुलगाही पुढच्यांना गाठायचा. सगळ्यांत हळू धावणाऱ्यालाही शेवटपर्यंत खेळात ठेवणारी अशी तजवीज फार थोड्या मैदानी खेळांत असेल.

रग्बी शाळेतला हाच खेळ टॉमस ह्यूजने १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’मध्ये रंगवला आणि तो इंग्रजी वाचणाऱ्या जगभर गेला. ह्यूज स्वतः त्या शाळेत, डॉ. आर्नल्ड मुख्याध्यापक असताना शिकलेला. त्याच्या कादंबरीत धाव सुरू होण्याआधी मुलं एकत्र बसून जुनी वर्तमानपत्रं आणि वह्या टराटरा फाडत पिशव्या भरतात. टॉम नवा आहे, त्याला मोठ्यांबरोबर पळायची भारी हौस. तो आणि त्याचे दोन सोबती, ईस्ट आणि टॅडपोल, माग चुकतात, ठरलेलं ठिकाण गाठू शकत नाहीत आणि चिखलाने माखून, दरवाजे बंद झाल्यावर परततात. डॉक्टर रागावतील या धास्तीने तिघं समोर उभी राहतात, तर डॉक्टर त्यांना कपडे बदलून चहा घ्यायला पाठवतात. शर्यतीचा निकाल वाचकाच्या लक्षातही राहत नाही. एकत्र वाट चुकलेली तीन मुलं तेवढी राहतात. पुढच्या काळातल्या किती तरी संघांनी शिबिरांत जे घडवायचा खटाटोप केला, ते इथे आपसूक घडलेलं आहे.

मुलं मोठी झाली आणि खेळ त्यांच्याबरोबर शाळेबाहेर आला. १८६८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या थेम्स रोइंग क्लबच्या काही सभासदांनी रोहॅम्प्टनहून पहिला पेपरचेस काढला. होडी वल्हवणारी ही माणसं. हिवाळ्यात अंग सुटू नये, दमसास टिकावा आणि मंडळी एकत्र यावीत म्हणून त्यांनी हा उद्योग आरंभला, म्हणजे आजच्या भाषेत ही त्यांच्या मोसमाची पूर्वतयारीच होती. त्यातून ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब उभा राहिला. पूर्वतयारीने मूळ खेळापासून वेगळं बिऱ्हाड थाटलं. त्याच्या मागोमाग लंडनमध्ये आणि बर्मिंगहॅममध्ये क्लब निघाले. सशाची शिकार करणाऱ्या कुत्र्यांवरून त्यांनी ‘हॅरियर्स’ हे नाव घेतलं.

या क्लबांच्या शनिवारच्या धावांत एक पद्धत होती, ती जपून ठेवावी अशी आहे. धावणाऱ्यांचे वेगाप्रमाणे दोन-तीन घोळके करत. प्रत्येक घोळक्याच्या पुढे एक जण वेग धरून चाले आणि सगळ्यांत मागे एक अनुभवी गडी राही. त्याला ‘व्हिप’ म्हणत. दिंडीत चोपदाराने ओळ सांभाळावी तसा तो रेंगाळणाऱ्यांना सांभाळून आणी. व्हिपने शर्यत जिंकायची नसते. तरी हा मान क्लबातल्या जाणत्यांकडेच जाई.

शर्यत होण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र फसला. १८७६ साली एपिंगच्या जंगलात इंग्लंडची अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि सगळेच्या सगळे ३२ धावपटू चुकीच्या वाटेने गेले. स्पर्धा रद्द ठरली. पुढच्या वर्षी रोहॅम्प्टनला ती रीतसर पार पडली. पर्सी स्टेनिंग जिंकला आणि त्यानंतरची तीनही वर्षं तोच जिंकत राहिला. १८८० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पहिली क्रॉसकंट्री लढत झाली.

ऑक्सफर्डचा उल्लेख आला, तर मुलांच्या पैजेतून निघालेल्या आणखी एका शर्यतीची गोष्ट सांगायलाच हवी. १८५० साली एक्झेटर कॉलेजचे काही विद्यार्थी घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवर गप्पा मारत होते. त्यातल्या हॅलिफॅक्स वायटच्या घोड्याने त्याची फजिती केली होती. असल्या जनावरावर पुन्हा बसण्यापेक्षा मी दोन मैल पायी पळेन, असं तो म्हणाला आणि मित्रांनी ते उचलून धरलं. बिन्झीच्या पाणथळ शेतांतून दोन मैलांची, २४ अडथळ्यांची पायी शर्यत ठरली. ती वायटनेच जिंकली. ऑलिंपिकमधली आजची तीन हजार मीटरची स्टीपलचेस त्याच वंशातली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिची अंतिम फेरी गाठली, ती हीच. आणि साबळेही आधी क्रॉसकंट्रीचाच गडी. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत तो २०१५ मध्ये उतरला, सेनादलाच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा धावला आणि मग स्टीपलचेसकडे वळला. चुलत घराणी अशी पुन्हा एकत्र येतात.

अमेरिकेत हा खेळ १८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर भागात हेअर अँड हाउंड्स याच रूपात पोचला. १८८० मध्ये हार्वर्डने तो उचलला, तोही उन्हाळी मैदानी शर्यतींची तयारी म्हणून. थेम्सच्या वल्हवणाऱ्यांची गोष्ट इथे पुन्हा घडली. तयारीला म्हणून आणलेला खेळ डोईजड झाला आणि स्वतःचा मोसम मागू लागला. १८९० मध्ये कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांची आपसांत शर्यत झाली आणि १९३८ मध्ये राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेने, एनसीएएने, मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली. मुलींना बराच काळ थांबावं लागलं. त्यांची पहिली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा १९७५ मध्ये महिलांच्या वेगळ्या संघटनेने भरवली, एनसीएएने १९८१ मध्ये.

१९३८ हे साल आणखी एका कारणाने या कुळात महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी क्वालालंपूरमध्ये अल्बर्ट गिस्पर्ट आणि त्याच्या मित्रांनी ‘हॅश हाउस हॅरियर्स’ काढलं. पुन्हा तोच कागदाचा माग, तोच ससा, पण क्रमांक नाहीत आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खाणंपिणं. एकाच वर्षी खेळाच्या एका फांदीने पदकांची वाट धरली आणि दुसरी मूळ स्वभावाला चिकटून राहिली.

मात्र पदकांच्या फांदीतही घोळका सुटला नाही. त्याचं श्रेय गुण मोजण्याच्या रीतीला आहे. कॉलेजच्या संघात सात जण धावतात आणि पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते. बेरीज जितकी कमी तितका संघ वर. समजा एका संघाचे चार गडी पहिले चार आले आणि पाचवा चाळिसावा, तर बेरीज पन्नास. दुसऱ्या संघाचे पाच जण पाचव्यापासून नवव्यापर्यंत आले, तर बेरीज पस्तीस. पहिल्या चारांत ज्यांचं कुणीच नाही, ते जिंकले. सहावा आणि सातवा मोजले जात नाहीत, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याआधी पोचले तर त्याचा क्रमांक खाली ढकलतात. पाचही जण पहिले पाच आले तरच पंधरा गुण होतात. जो व्हिगिल यांच्या ॲडम्स स्टेट कॉलेजने १९९२ मध्ये एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीच्या अजिंक्यपद स्पर्धेत हे करून दाखवलं.

पाचव्या गड्याला चढावर, पाय जड झालेले असताना, कशासाठी झटायचं ते कळलेलं असावं लागतं. फीत तोडण्याची आशा त्याला नसते. त्याला दिसत असतो तो पुढचा आपल्या रंगाचा बनियन. ऑगस्टच्या शिबिरातल्या स्पर्धा म्हणूनच नवख्या मुलाला कप्तानाशेजारी उभं करतात आणि वेगवान गड्याची सद्दी तेवढ्यापुरती थांबवतात. वेळेचा अंदाज बांधण्याच्या शर्यतीत हळू मुलगा जिंकू शकतो, तसाच कागदाच्या मागावरही तो मोठ्यांना मागे टाकू शकत असे. दोन्हींच्या रचनेत समंजसपणा एकच आहे.

जवळिकीच्या नावाखाली नव्यांचा छळ करण्याची वाईट परंपराही अमेरिकेतल्या कॉलेजांत आणि संघांत रुजलेली होती. ती निपटून काढायला नियम आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॉलेजांतल्या रॅगिंगची नोंद जाहीर करायला लावणारा केंद्रीय कायदाही झाला. तो हवाच होता. नव्याला सगळ्यांदेखत लाज वाटायला लावणारा खेळ आणि नव्यालाही जिंकायची संधी देणारा खेळ यांत गल्लत करायला जागा नाही. चांगले कप्तान आता स्पर्धा ठरवतानाच भाग घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोपवतात.

शिबिर संपलं की मोसम वेगाने सरकतो. सप्टेंबरात जवळपासच्या लहान शर्यती होतात, पुष्कळदा पहिल्या दमाचे गडी राखून. मग मोठी आमंत्रणं येतात : मिनेसोटातली रॉय ग्रिअॅक, पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाची पॉल शॉर्ट, विस्कॉन्सिनमधली नटीकोम. ऑक्टोबरअखेरच्या सुमाराला आपल्या गटाची अजिंक्यपद शर्यत, नोव्हेंबरात विभागीय. वरच्या श्रेणीत नऊ विभागांतले पहिले दोन संघ थेट पुढे जातात, आणखी तेरा निवडले जातात. एकतीस संघांचे सात-सात आणि अडतीस सुटे धावपटू, असे २५५ जण थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी एका रेषेवर उभे राहतात. मुलांना दहा किलोमीटर, मुलींना सहा. पहिला धावपटू पोचला तरी संघाचा निकाल लागलेला नसतो. प्रशिक्षक शेवटच्या वळणावर उभे राहून आपला पाचवा कितवा येतोय ते मोजत असतात.