पाबळचा घुमट आणि कागदावर उतरलेले यंत्र

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान शेडमध्ये लेथवर उभ्या असलेल्या कारागिराच्या हाती 'ड्रॉइंग' येते, ते मोठ्या कारखान्याकडून. सुटा भाग घडतो, मापला जातो आणि निघून जातो. तो ज्या यंत्रात बसणार, त्या संपूर्ण यंत्राचा आराखडा त्या शेडपर्यंत सहसा पोहोचत नाही. यंत्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कागद कोणाकडे आहे यावरच ठरते.

महाराष्ट्रात यंत्राविषयी मराठीत लिहिण्याची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, ती कारखान्याचे मुखपत्र म्हणून. मात्र कारखाना ग्राहकाला सांगतो ते नांगर वापरावा कसा. नांगर घडवावा कसा, हे त्याने सांगावे अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. त्याचा धंदाच त्यावर उभा असतो.

ही दुसरी गोष्ट सांगण्याचा एक गंभीर प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी झाला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी अशी खरी कामे करीत शिकावे, ही त्यांची पद्धत. हाताने शिकलेले मात्र हातातच राहण्याचा धोका असतो. मुलगा गावी परतला की कसबही त्याच्याबरोबर जाते.

पाबळच्या ओळखीचा एक भाग म्हणजे तेथील त्रिकोणी चौकटींचे घुमट. बकमिन्स्टर फुलर यांना या रचनेचे अमेरिकी पेटंट १९५४ मध्ये मिळाले. या रचनेतील सर्वांत सोप्या अर्धगोल प्रकारांपैकी एक घ्या. त्यात ६५ दांडे, २६ सांधे आणि दांड्यांच्या लांबी फक्त दोन. त्रिज्या २ मीटर असेल, तर ३५ दांडे सुमारे १२३.६ सेंटीमीटरचे आणि ३० दांडे सुमारे १०९.३ सेंटीमीटरचे. इतके गणित कोणालाही पाठ करता येईल. पण ही लांबी दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंतची, की भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची? कागदावर हे एक वाक्य राहून गेले, तर चूक प्रत्येक सांध्यागणिक साचत जाते आणि शेवटचा बोल्ट काही केल्या बसत नाही. पहिला घुमट उभारणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणूनच तो ते लिहायला विसरतो!

२००२ मध्ये पाबळला फॅब लॅब आली. एमआयटीतील नील गर्शेनफेल्ड यांच्या केंद्राशी जोडलेली ही प्रयोगशाळा एमआयटीबाहेरच्या सर्वांत आधीच्या फॅब लॅबपैकी एक. पुढच्याच वर्षी कलबागांचे निधन झाले. फॅब लॅबच्या सनदेत वापरणाऱ्यांच्या तीन जबाबदाऱ्या आहेत : सुरक्षितता, यंत्रांची स्वच्छता-देखभाल आणि ज्ञानात भर, म्हणजे नोंदी लिहिणे व इतरांना शिकवणे. झाडू मारणे आणि लिहिणे एकाच यादीत बसवण्यात मोठे शहाणपण आहे. दोन्ही कामे कंटाळवाणी, आणि दोन्ही टाळली की पुढच्याचा खोळंबा.

२०११ मध्ये मुक्त हार्डवेअरची व्याख्या निश्चित झाली, तिचे पहिलेच कलम नोंदींचे आहे : वस्तूबरोबर तिच्या रचनेच्या, बदल करता येतील अशा मूळ फाइली खुल्या हव्यात. संगणकाची आज्ञावली स्वतःच स्वतःची प्रत असते, तसे लोखंडाचे नसते. दुसरी वस्तू घडते ती कागदावरून.

मग कागदाची भाषा कोणती? पुष्कळ आराखडे इंग्रजीत आहेत. दुसरीकडे परिभाषाकोशांतील संस्कृतनिष्ठ प्रतिशब्द कार्यशाळेत कोणी उच्चारत नाही. तेथे पान्हा, कानस, करवत हे शब्द आहेत आणि त्यांच्याच शेजारी बेअरिंग, वॉशर, टॅप सुखाने नांदतात. या मिश्र बोलीला ग्रांथिक मराठीने नाक मुरडले, तर नोंदी छापल्या जातील आणि कपाटात राहतील. चिकलठाण्यातील कारागिराला 'भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत' एवढे तीन शब्द पुरेत. बाकीचे त्याचा व्हर्निअर पाहून घेतो.