दोन वर्षांची कैद : भिंगारच्या पूर्वेकडचा एक विस्मृत कायदा (थ्रेड)

भिंगार म्हटले की 1490 ची लढाई आठवते. मलिक अहमदने येथे बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे याच परिसरात अहमदनगर वसवले. या थ्रेडचा विषय मात्र बराच अलीकडचा आहे.

1948 पर्यंत भिंगारहून पूर्वेकडे जिल्ह्याची हद्द ओलांडली की निजामाचे हैदराबाद संस्थान लागे. बीड आणि औरंगाबाद त्यातच होते. अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचा कायदा.

ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी लिहिला (मूळ शब्द ‘युनक’). संशयितांची नोंदवही ठेवायची आणि नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली, नाचली वा तिने वाद्य वाजवले, तर वॉरंटशिवाय अटक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग वायव्य प्रांत, अवध व पंजाबसाठी होता. मुंबई इलाखा त्यातून सुटला. कलम 377 मात्र 1862 पासून भिंगारलाही लागू होते.

1919 मध्ये हैदराबादने जवळपास त्याच शब्दांत स्वतःचा कायदा केला. पुढे संस्थान विलीन झाले, मराठवाडा महाराष्ट्रात आला, पण तेलंगणात हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. तो तेथील उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला जुलै 2023 मध्ये!

तोवर संसदेने 2019 चा तृतीयपंथीय हक्क संरक्षण कायदा केला होता. त्याच्या कलम 18 ने तृतीयपंथीय व्यक्तीच्या शारीरिक वा लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षे कैद ठरवली. जुन्या कायद्यात साडी नेसून रस्त्यावर नाचण्याला कमाल दोन वर्षे. नव्या कायद्यात त्याच व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारालाही कमाल दोनच. स्त्रीवरील बलात्काराला मात्र किमान दहा वर्षे आहेत.

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि कलम 377 पूर्णपणे गेले. संमतीच्या संबंधांना 2018 मध्येच मोकळीक मिळाली होती. आता बळजबरीविरुद्धचा आधारही गेला. जमावाकडून होणाऱ्या हत्येच्या कलमात वंश, जात, लिंग, भाषा ही कारणे नमूद आहेत. लैंगिक कल नाही. ‘तत्सम कारण’ या शब्दांत तो बसतो का, हे न्यायालयांवर सोपवले आहे.

द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला वेगळी, कठोर शिक्षा असावी ही कल्पना आपल्याला नवी नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तिच्यावरच उभा आहे. आक्षेप असा, की कठोर कायद्याने पोलिसांचेच हात बळकट होतात, आणि नोंदवही पोलिसांकडेच होती. इतिहास पाहता ही भीती निराधार नाही. परंतु नोंदवहीने पोलिसांना अधिकार दिला होता तो पीडितांवर. येथे मागणी आहे ती हल्लेखोरावर गुन्हा नोंदवण्याची.