मानशीची राखण

लहानपणी मी आजोबांबरोबर मानशीवर जात असे. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार. जुवारीच्या काठी आमच्या गावात अशी एक मानस होती. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की तिच्या लाकडी फळ्या आपोआप मिटत; ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडत. मग आजोबा तिथे काय करीत? फळी कुजली आहे का, खेकड्याने बांध पोखरला आहे का, हे पाहत. बांध फुटला तर एका रात्रीत शेत खारे होते आणि ते गोडे व्हायला पुढचे पावसाळे लागतात, असे ते सांगत.

श्रोतेहो, गोव्यात अशी खाजने सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. ही मुळात भरतीच्या पाण्याखालची दलदल. चिखल, जांभा दगड आणि पेंढा घालून बांध उभारले आणि त्यामागे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकवले. बांधाबाहेरची कांदळवने लाटांचा मार अंगावर घेत. रायगडकडच्या श्रोत्यांना आपल्या खारजमिनी आणि उघाड्या आठवतील, जात तीच.

हे सारे कोण सांभाळत होते? गावकरी ही ग्रामसंस्था. पोर्तुगीज येण्याआधीपासून ती होती. १५२६ साली अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिचे रीतिरिवाज लिहून काढले. 'फोराल' म्हणतात ते हेच. ओसाड बेटावर पूर्वी चार माणसे आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली आणि त्यांचे वंशज गावकर झाले, अशी हकिकत त्यात आहे. गावावरचा हक्क जमीन कसण्याजोगी करण्यातून आला, हे परक्या राजसत्तेनेही मान्य केले होते.

गावकरीच्या कारभारात शेतांचा लिलाव होई, मानशीवरच्या मासेमारीचाही होई. आलेल्या पैशातून सार्वजनिक खर्च भागवायचा आणि उरेल ते 'जोण' म्हणून गावकरांत वाटायचे. बांध पडला तर जोण बुडणार, म्हणून प्रत्येकाचा जीव बांधात. अर्थात हा सुवर्णकाळ नव्हता. बैठकीत बसणारे ठरावीक घराण्यांतले पुरुष. चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्यांना तिथे बोलायची सोय नव्हती.

म्हणूनच मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, तो न्यायाचाच होता. पुढे १९७५ च्या नियमांनी बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांवर टाकली. गावकरीची जुनी सत्ता गेली, पण तिच्या जागी आलेल्या संघांना तेवढा वचक आला नाही. शेती तोट्यात आणि सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, चांगला भाव. साहजिकच शेताच्या उत्पन्नापेक्षा मानशीच्या लिलावाकडे डोळे लागले. आमच्याच गावात नव्वदच्या दशकात एका ठेकेदाराने मासळीसाठी फळ्या अडकवून भरतीचे पाणी आत घेतले. तक्रार करायला गेलेल्या आजोबांना एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यात आले. भात त्या वर्षी गेलेच.

दरम्यान, १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारची किनारा नियमन अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर तिने बंधने आणली. २०११ च्या अधिसूचनेत तर गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख झाला : खाजने राखावीत, त्यांत विकासकामे करू नयेत. वाचून मला आनंद झाला. पण खाजन हे तळ्यासारखे नुसते राखून राहत नाही, त्याची रोज राखण लागते. २०११ च्या जागी २०१९ ची अधिसूचना आली, तरी फुटलेला बांध चार दिवसांत कोणी बांधायचा, हा प्रश्न गावातच उरला.

आजोबांच्या शेताचे तेच झाले. बांधाला खिंडार पडले, ते बुजवायला वेळ लागला. तेवढ्यात आत कांदळ रुजले. आता तिथे माझ्या डोक्याहून उंच झाडे आहेत. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. मी स्वतः त्याच्या बाजूने लिहिले आहे. शेजारच्या शेतकऱ्याने मला विचारले, "भाऊ, बांध दुरुस्त झाला तर ही झाडे तोडून भात लावता येईल का?" मी त्याला दोन्ही कायदे समजावून सांगितले. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "भरती यायची वेळ झाली," आणि मानशीकडे निघाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)