पर्समधला चाकू

गेल्या आठवड्यात एका वाचकाचा मेसेज आला. "भाऊ, पोरगी पुण्याला शिकायला चाललीय. पर्समध्ये ठेवायला फोल्डिंगचा चाकू बघतोय. तीन इंची घेऊ की चार इंची? लॉकवाला घेऊ की साधा?" सोबत ऑनलाइन दुकानाचे तीन स्क्रीनशॉट. बापाची काळजी खरी होती, म्हणून दोन ओळींत उत्तर देववेना. या घडीच्या चाकूला इतिहास आहे, कायदा आहे, आणि आपल्याकडे तर त्याची शिकवण्याची परंपराही आहे. तेच सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या पिढीला घडीचा चाकू म्हटलं की एकच नाव आठवतं, रामपुरी. उत्तर प्रदेशातलं रामपूर हे नवाबांचं संस्थान. तिथल्या कारागिरांनी खटक्याचा, कर्र कर्र आवाज करत उघडणारा चाकू घडवला आणि हिंदी सिनेमाने तो देशभर पोचवला. 'वक्त'मधला राजकुमार आणि तो चाकू ज्याने पाहिला नाही असा आमच्या वयाचा माणूस विरळाच. गंमत बघा, सिनेमात रामपुरी बहुतेक वेळा गुंडाच्याच हातात असायचा. स्वतःच्या बचावासाठी रामपुरी काढणारी नायिका मला तरी आठवत नाही. पुढे १९९०च्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यावर निर्बंध आले आणि तो धंदा बसला. कारागीर दुसऱ्या कामाला लागले. २०२३मध्ये त्याच रामपुरात चौकात वीस फुटी चाकू उभा केला. हातातला गेला, चौकातला आला.

सरकारला घडीच्या चाकूची भीती वाटते ती धारेपेक्षा वेगाची. अमेरिकेने १९५८मध्ये बटणाच्या चाकूंवर कायदा आणला, ब्रिटनने १९५९मध्ये. तिकडेही सिनेमा आणि टोळक्यांची पोरं हेच कारण. आपला शस्त्र कायदाही १९५९चाच. पण त्याचा बाप वेगळा. १८७८मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, त्या कायद्याच्या जागी हा आला. याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरली आहेत. घरकाम, शेती, उद्योगासाठी बनवलेली सोडून. म्हणून विळी, कोयता, ऊसतोडीचं हत्यार यांना कोणी लायसन विचारत नाही.

तेवढ्यावरून "नऊ इंचांच्या आत सगळं माफ" असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने बटणदार आणि गरारीदार चाकूंसाठी मर्यादा ७.६२ सेंटीमीटरवर, म्हणजे तीन इंचांवर आणली. गरारी म्हणजे तोच तो कर्र कर्र आवाज. आणि महाराष्ट्रात? इथे मी बोलू शकतो, कारण वीस वर्षं ती प्रेस नोट टाइप करतोय. "जिल्ह्यात कलम ३७ लागू." सण आला, निवडणूक आली, मोर्चा निघाला, की महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या त्या कलमाखाली पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश निघतात. तलवारी, भाले, सुरे, सोटे, लाठ्या, काठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी. यात इंच नसतात हो! पेपरात आम्ही ती बातमी आतल्या पानावर तळाला टाकतो, तुम्ही वाचत नाही, आणि तुमच्या पर्समधला तीन इंची चाकू नाक्यावरच्या झडतीत त्यात बसू शकतो.

बरं, बचावाचा अधिकार आहे का? आहे, आणि जुना आहे. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६०च्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६ त्यासाठीच होती. आता भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ झाली. बलात्काराच्या इराद्याने, अपहरणाच्या इराद्याने हल्ला झाला तर समोरच्याचा जीव जाईपर्यंतचा प्रतिकारही कायदा मान्य करतो. २०१३मध्ये त्यात ॲसिड हल्ल्याची भर पडली. अट एकच, गरजेपेक्षा जास्त इजा नको. २०१०मध्ये दर्शन सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संकटात सापडलेल्या माणसाचा प्रतिकार सोनाराच्या काट्यावर तोलायचा नसतो. म्हणजे पोरीने जे हाताला लागेल त्याने मारलं तर कायदा तिच्या बाजूने उभा राहू शकतो. अडचण कायद्याची नाही, अडचण त्या दीड सेकंदाची आहे.

दीड सेकंद का? १९८३मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी मोजून दाखवलं, की चाकू घेतलेला माणूस एकवीस फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेला पिस्तूल लावलेल्या शिकलेल्या पोलिसाचीही तेवढ्यात धांदल उडते. मग पर्सची चेन, त्यात डबा, चार्जर, ओढणी, त्याखाली चाकू, तो काढायचा, उघडायचा, लॉक बसला का बघायचं... हिशोब तुम्हीच करा. आणि लॉक नीट बसला नाही तर पातं मिटतं ते आपल्याच बोटांवर.

२०१२च्या डिसेंबरात दिल्लीची घटना घडली, त्यानंतरच्या जानेवारीत मुंबईत शिवसेनेने बायकांना छोटे चाकू वाटले होते. बाळासाहेबांचा फोटो असलेले. त्यावेळी वाद झाला तो कायद्यावर आणि राजकारणावर. वापरायचा कसा हे शिकवणार कोण, हा प्रश्न मागेच राहिला.

आपल्याकडे शिकवणारे होते की! बडोद्यात जुम्मादादांचा आखाडा होता, त्यांचे शिष्य माणिकराव यांनी तो नावारूपाला आणला. मुसलमान उस्ताद, मराठी शागीर्द. त्याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. अमरावतीत १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्यांचा चमू १९३६मध्ये बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवून आला. कोल्हापूरचा मर्दानी खेळ तर अजून जिवंत आहे. लाठी, फरीगदका, जंबिया हे सगळं या जुन्या तालमींत शिकवलं जायचं. पण पहिल्या दिवशी कोणी हातात जंबिया देत नसे. आधी पाय. पवित्रा, मागे सरकणं, अंगावर आलेला वार चुकवणं. बिनहत्यारी माणसाने हत्यारवाल्याशी कसं भिडायचं, हीसुद्धा आपल्याकडे वेगळी विद्या होती, बंदेश म्हणत तिला. हत्यार हा त्या अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा. आपण तोच तेवढा कुरिअरने मागवतोय.

प्रतापगडाचंच घ्या. २०२४मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढी गर्दी लोटली! पण १६५९च्या त्या दिवशी अंगरख्याखाली चिलखत होतं, जिरेटोप होता, जागा स्वतः निवडलेली होती, झाडीत माणसं पेरलेली होती. आणि सय्यद बंडाचा वार अडवायला जिवा महाला शेजारी होता. वाघनखांसाठी रांग लागते, चिलखताबद्दल कोणी विचारत नाही.

हे सगळं मी त्या वाचकाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ते खरं हो भाऊ, पण मी काय देऊ तिला सोबत?" मी म्हटलं, तिला विचारलंत का? तिकडून काहीच आवाज नाही. खरं तर मीही अर्धा तास बोललो तो बापाशीच.

संध्याकाळी त्याच नंबरवरून पोरीचा मेसेज आला. "काका, लाठी क्लासचं बघते, सकाळचा असेल तर जमेल. चाकू नकोय. मागच्या आठवड्यात हॉस्टेल बघून आलो. लायब्ररीतून हॉस्टेलला यायच्या गल्लीत तीन खांब आहेत, एकाचाही दिवा लागत नाही. तक्रार कुठे करायची?"

महापालिकेच्या त्या वॉर्डाचा नंबर मी शोधतोय. पुण्यातल्या कोणाकडे असेल तर कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये पाठवा.